छातीवरचा पट्टा आणि कॅलरींचा हिशेब : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरपासून व्यायामाच्या वेळी मी छातीला बांधायचा हृदयगती मोजणारा पट्टा वापरत आहे. माझे वय ४६ आणि वजन ७८ किलो आहे. आठवड्यातून तीन दिवस व्यायामशाळा आणि रविवारी सिंहगड असा माझा क्रम असतो. व्यायामात नेमक्या किती कॅलरी खर्च होतात हे कळावे आणि त्याप्रमाणे खाण्याचा हिशेब बसवता यावा, एवढ्यासाठीच तो घेतला होता. पट्ट्याने ठोके चोख मोजले. कॅलरींचा हिशेब मात्र पहिले तीन महिने साफ चुकला.

हा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो, तर मनगटावरचे घड्याळ हिरवा प्रकाश टाकून त्वचेखालच्या रक्तप्रवाहातील चढउतार वाचते. डंबेल घट्ट धरल्यावर माझे घड्याळ १०५ वर अडकून बसे आणि त्याच क्षणी पट्टा १३८ दाखवी, तेव्हा हा फरक चांगलाच लक्षात आला. पट्ट्याच्या आतल्या बाजूचे काळे रबरी भाग बांधण्यापूर्वी पाण्याने ओले करावे लागतात. जानेवारीतल्या कोरड्या पहाटे तेवढे विसरलो, तर सिंहगडाच्या पायथ्याशी आतकरवाडीत उभा असतानाच आकडा १९० वर जाई आणि घाम फुटेपर्यंत उतरत नसे. वापरानंतर पट्टी धुतली नाही, तर घामाचे मीठ साचून तिची पकडही लवकर जाते. माझी सातव्या महिन्यात सैल पडली आणि विक्रेत्याने ‘ही झीज आहे, दोष नव्हे’ म्हणून हात वर केले.

आता मूळ मुद्दा. आतकरवाडीहून गडावर जायला मला ७५ मिनिटे लागतात आणि पहिल्या महिन्यांत त्यासाठी पट्ट्याचे ॲप साधारण ९८० कॅलरी दाखवत असे. एवढी कमाई झाल्यावर वर कांदाभजी, पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही घेण्यात गैर ते काय, असा माझा सरळ हिशेब होता. डिसेंबरअखेर वजनाचा काटा अर्धा किलो पुढे गेलेला पाहिला, तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चढ सुमारे ६०० मीटरचा आहे. पाठीवरच्या पिशवीसह ८१ किलो तेवढे वर नेण्याचे यांत्रिक काम ११४ किलोकॅलरींच्या (आहाराच्या हिशेबात यांनाच नुसते कॅलरी म्हणतात) आसपास भरते, आणि स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेचा साधारण पाव हिस्साच कामात उतरवतात असे धरले, तर खर्च ४५५ होतो. त्यात वाटेच्या आडव्या अंतराचे शंभरेक आणि नुसते बसून राहिलो असतो तरी त्या सव्वा तासात खर्च झाले असते असे आणखी शंभरेक धरले, तरी बेरीज साडेसहाशेच्या वर जात नाही. शिवाय हे शेवटचे शंभर व्यायामाच्या नावावर मांडणेच चूक आहे, कारण ते दिवसाच्या खर्चात आधीच धरलेले असतात.

याचे कारण असे, की पट्टा कॅलरी मोजतच नाही. तो फक्त ठोके मोजतो. खर्च खऱ्या अर्थाने ठरतो तो शरीराने वापरलेल्या प्राणवायूवरून (एका लिटरमागे सुमारे ५ किलोकॅलरी), आणि ॲप ठोके, वय, वजन व लिंग यांवरून त्याचा अंदाज बांधते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आणि बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या एका समीकरणात पुरुषांच्या बाबतीत मिनिटाला १० ठोके वाढले, की मिनिटामागे दीड किलोकॅलरी वाढते. म्हणजे उन्हामुळे, कडक कॉफीमुळे किंवा अपुऱ्या झोपेमुळे वाढलेले १० ठोके अर्ध्या तासात ४५ कॅलरी फुकट जमा करतात. वजने उचलताना तर श्वास रोखला आणि मूठ आवळली तरी ठोके वाढतात, पण त्या प्रमाणात प्राणवायूचा वापर वाढत नाही. उलट माझे मेहुणे रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर, म्हणजे ठोके मंद करणारे औषध, घेतात. माझ्याबरोबरीने चालूनही त्यांच्या खात्यात माझ्या निम्म्यानेच कॅलरी पडल्या, तेव्हा ते बिचारे आपलेच काहीतरी चुकते आहे असे समजून दुप्पट वेगाने चालू लागले होते.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली मनगटावरची सात उपकरणे ६० जणांवर तपासली होती. त्यांतल्या सहांची हृदयगती ५ टक्क्यांच्या आतल्या चुकीने बरोबर आली; कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत अचूक ठरलेले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होते. हे आधी वाचले असते, तर भज्यांच्या किती प्लेटा वाचल्या असत्या कोण जाणे.

पट्टा मी अजूनही वापरतो, पण कॅलरींचा रकाना मुख्य पडद्यावरून काढून टाकला आहे आणि गडावर दह्यापुरताच थांबतो. गेल्या रविवारी कुतूहलापोटी तो रकाना पुन्हा उघडून पाहिला. वाट तीच, वेळ तीच ७५ मिनिटांची, वजनही जवळपास तेवढेच होते. मात्र ऑक्टोबरात सरासरी १३६ असलेले ठोके आता १२५ वर आले होते, आणि दमसास वाढल्याचे बक्षीस म्हणून ॲपने माझ्या खात्यातून सव्वाशे कॅलरी कापून घेतल्या होत्या.