वापरलेल्या डायपरचं काय करायचं: कंपोस्ट, मशीन की लाल ठिपका?

लंगोट चांगले की डायपर, हा वाद इथे नको. बहुतेक घरांत दोन्ही असतात: दिवसा लंगोट, रात्री आणि प्रवासात डायपर. प्रश्न पडतो तो सकाळी भरून जड झालेल्या डायपरचा. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत त्याला तीन वाटा होत्या: गच्चीवरचं कंपोस्ट, तळमजल्यावरचं जाळायचं मशीन, नाहीतर कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंकडे देणं. तिन्ही वापरून पाहिल्या.

मशीनचं पटकन सांगतो. ही विजेवरची छोटी मशीनं मुळात सॅनिटरी पॅडसाठी. रात्रभर वापरलेल्या डायपरात पाणीच जास्त. ते आधी उकळतं, मग सगळं धुमसत राहतं आणि तळाला काळा अर्धवट गोळा उरतो. दवाखान्यांचा कचरा जाळणाऱ्या भट्टीच्या पहिल्या कप्प्यात नियमाने किमान ८०० अंश आणि दुसऱ्यात १०५० च्या आसपास तापमान लागतं. जिन्याखालच्या डब्याकडून ती अपेक्षा कशी करणार? धूर मात्र वरच्या गॅलऱ्यांपर्यंत पोचायचा. तुमच्याकडे मोठं, चांगल्या धुराड्याचं यंत्र असेल तर कदाचित वेगळा अनुभव येईल.

कंपोस्टवर माझा खरा जीव होता. बांबूचे म्हणून विकले जाणारे डायपर आणले. फक्त शूचे तेवढेच घ्यायचे, बाजूने फाडून आतला लगदा सुक्या पाल्यात मिसळायचा, असा बेत. शीचे डायपर त्यात टाकायचे नाहीत, कारण गच्चीत मेथी लावलेली. लगदा बऱ्यापैकी कुजलाही. पण खत चाळायला घेतलं आणि चाळणीवर उरले ते रबराचे दोरे! मांडीच्या झालरीतले. ताणले की नव्यासारखे लांबायचे आणि सोडले की मातीचे कण तोंडावर उडायचे. सोबत कमरेच्या चिकटपट्ट्या; एकीवर छापलेला ससा अजून हसत होता. जेलचे मणी वेगळेच, पाणी घातलं की पुन्हा फुगायचे. बांबू असतो तो बहुधा वरच्या थरात. आतलं सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट हे जेल आणि इलास्टिक बऱ्याच डायपरांत नेहमीचंच. पाकिटावर ‘कंपोस्टेबल’ लिहिलेलं असलं तरी त्याला साधारण ५५-६० अंशांची ऊब बराच काळ लागते, आणि आमची टोपली तितकी क्वचितच तापायची.

दोरे एकेक करून वेचायचे आणि शेवटी टाकायचे कुठे, तर सुक्या कचऱ्यातच. मग एवढा खटाटोप कशासाठी? माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

उरला लाल ठिपका. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने ही पद्धत रुजवली. २०१६ च्या घनकचरा नियमांत डायपर सॅनिटरी कचऱ्यात धरला गेला आणि तो नीट गुंडाळून देणं ही आपली जबाबदारी ठरली. उत्पादकांनी त्यासाठी पाकिटासोबत पिशवी द्यावी असंही त्या नियमांत होतं. मी घेतलेल्या पाकिटांत ती कधी निघाली नाही. आमची रीत अशी: शी आधी टॉयलेटमध्ये, डायपरची घट्ट गुंडाळी करून त्याच्याच चिकटपट्ट्यांनी बंद, त्यावर वर्तमानपत्राचं अर्धं पान आणि लाल स्केचपेनचा ठसठशीत ठिपका. प्लास्टिकची पिशवी नाही. ठिपका दिसला की ताई ते न उघडता बाजूला ठेवतात. सुका कचरा त्या हाताने वेचतात, हे एकदा जवळून पाहिलं की तो अर्धा मिनिट जड जात नाही.

यात डायपर नाहीसा होत नाही, हे खरंच. पुढे तो जाळला जाणार, नाहीतर पुरला जाणार. त्यामुळे पर्यावरणाच्या हिशेबात ठिपक्याला पूर्ण गुण देता येणार नाहीत. पण कंपोस्ट करूनही प्लास्टिक तिथेच पोचत होतं, फक्त माझ्या चाळणीवरून. अंगण आणि खड्डा असेल, रबर वेचायचा कंटाळा नसेल, तर कंपोस्ट करून पाहायला हरकत नाही. फ्लॅटवाल्यांनी मात्र दिवसाचे लंगोट वाढवावेत आणि रात्रीच्या डायपरला ठिपका द्यावा, असं मला वाटतं. पावसाळ्यात घडीचे जाड लंगोट वाळत नाहीत. एकपदरी मऊ सुती असतील तर पंख्याखालीही वाळतात.

आणि हो, लाल स्केचपेन बाथरूमच्या कपाटाला दोरीने बांधून ठेवा. घरात मोठं भावंड असेल तर पेन जागेवर राहत नाही.