सेल्फ लागत नाही आणि मेकॅनिक म्हणतो, ‘मोटर गेली’? आधी हे वाचा

पावसाळ्यात बायकोच्या स्कूटरचा सेल्फ बंद पडला. बटण दाबलं तरी हूं की चूं नाही. किक मारली की गाडी लगेच चालू. साताऱ्यात घराजवळच्याच एका गॅरेजात टाकली. संध्याकाळी फोन आला, "साहेब, सेल्फ मोटर जळालीय. ओरिजिनल टाकतो." मजुरीसकट ३,१०० रुपये घेतले. बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान. जुनी मोटर मागितली, तर "भंगारवाला घेऊन गेला".

सेल्फ झकास लागत होता, त्यामुळे बरेच दिवस काही कळलंच नाही. बिंग फोडलं ते शेजारच्या काकांनी. बायकोला म्हणाले, "अगं, तुझी ब्रेक लाइट कायम पेटलेली असते." बघितलं तर खरंच, आणि ब्रेक न दाबताही सेल्फ लागत होता!

दुसऱ्या मिस्त्रींनी हँडलचं कव्हर उघडलं. डाव्या ब्रेकच्या स्विचच्या दोन वायरी सोलून एकमेकींत पिळलेल्या, वर काळी टेप. ब्रेक दाबला की या स्विचमधून सेल्फच्या रिलेला, म्हणजे मोटरला करंट सोडणाऱ्या स्विचला, करंट जातो. पाण्याने स्विच खराब झाला होता, बाकी काही नाही. शंभरेक रुपयांचं काम. गिअर नसलेल्या गाडीत हा स्विच उगाच दिलेला नसतो. एक्सिलरेटर पिळलेला असताना सेल्फ लागला तर गाडी सुसाट पुढे जाते. पहिल्या गॅरेजवाल्याने तो सरळ बायपास केला.

आणि ती ‘नवीन’ मोटर? वरून चकचकीत सिल्व्हर स्प्रे. पण मिस्त्रींनी नखाने खरवडलं, तर रंगाखाली ऑइलमध्ये कालवलेली जुनी माती. आतले कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे, झिजलेले. आमचीच मोटर, रंगवून परत बसवलेली.

मोटर गेली म्हणण्याआधी एवढं बघता येतं. बटण दाबल्यावर काहीच आवाज नाही आणि ब्रेक दाबून मागची लाइटही लागत नाही, तर पहिला संशय स्विचवर. नुसतं ‘टक’ होत असेल तर बॅटरी, तिचे टर्मिनल, अर्थची वायर. दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर लावा: चांगली बॅटरी बंद गाडीत साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते, सेल्फ मारताना ती दहाच्या बरीच खाली जात असेल तर आधी चार्ज करून बघा. मोटर घुं घुं फिरते पण इंजिन फिरत नाही, तर मोटरची फिरकी इंजिनला देणारा वन-वे क्लच. मोटरचा नंबर या सगळ्यानंतर, आणि तिच्यातही पुष्कळदा नुसते ब्रश बदलून भागतं.

गॅरेजवाल्याला मोटर दाखवली. आधी आवाज चढवला, मग "पोराने घोळ केला" म्हणत दीड हजार परत दिले. बाकीचे मागितले तर म्हणतो, "बिल दाखवा." ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, फोन करायचा ठरवलं, तर हातात पुरावा म्हणून तेच वहीचं पान, त्यावर ना गॅरेजचं नाव, ना पार्ट नंबर. पार्ट बदलताना छापील बिल घ्या आणि जुना पार्ट हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.