आवेग आवरायला शिकवणारा टॅबलेट गेम : पाचपैकी तीन तारे

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि आवेग आवरणं त्याला अवघड जातं. आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी हा गेम सुचवला.

पहिला टप्पा छान जमलाय. हिरवा मासा आला की टॅप करायचं, लाल आला की हात आवरायचा. हिरवे मासे खूप जास्त येतात, त्यामुळे हाताला सवय लागते आणि अधूनमधून येणारा लाल मासा बरोबर चकवतो. चित्रं शांत आहेत, जाहिराती नाहीत.

माझी तक्रार दुसऱ्या टप्प्याबद्दल आहे. मासा दिसतो, हात निघतो, तेवढ्यात घंटा वाजली तर थांबायचं. मूल थांबलं की पुढची घंटा थोडी उशिरा वाजते, चुकलं की लवकर. प्रयोगशाळेतल्या ‘स्टॉप सिग्नल’ चाचणीत असंच करतात आणि मोजमापासाठी ते योग्यच आहे. पण या रचनेत मूल कितीही सुधारलं तरी घंटा वाजल्यावर साधारण निम्म्या वेळा चुकणारच! इथे तर प्रत्येक चुकीला भोंगा वाजतो. दिवसभर ‘अरे, थांब ना’ ऐकणाऱ्या पोराला हा भोंगा कशासाठी? माझ्या मुलाने मग वेगळीच वाट शोधली. घंटा वाजते का याची वाट बघत तो मुद्दाम उशिरा टॅप करू लागला. गुण वाढले, पण निघालेला हात आवरण्याचा सराव संपला. गेमला हे कळत नाही.

अहवालात फक्त सरासरी वेळ दिसतो. त्याची सरासरी ठीक आहे, पण एक टॅप झटकन आणि पुढचा कितीतरी उशिरा, हा चढउतार एडीएचडीत फार आढळतो आणि तोच अहवालात नाही. त्याला पडणारे कष्टही त्यात नाहीत. दात आवळून, पाय खुर्चीला गुंडाळून तो स्वतःला थांबवत असतो. अशा मुलाला कुणी आळशी म्हटलं की मला फार लागतं. खेळल्यावर तो थकलेला असतो, त्यामुळे आम्ही गृहपाठाच्या आधी हा गेम देत नाही.

‘अभ्यासातलं लक्ष वाढेल’ या जाहिरातीवर मात्र विसंबू नका. एन्डेव्हरआरएक्स या दुसऱ्या गेमला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपचारसाधनांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने) 2020 मध्ये 8 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी परवानगी दिली. त्याच्या 348 मुलांवरच्या चाचणीत संगणकावरची अवधान चाचणी तुलनेच्या गटापेक्षा सुधारली. पालकांनी नोंदवलेली लक्षणं मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखीच कमी झाली.

घ्यायचा असेल तर पहिल्या टप्प्यासाठी घ्या, आवाज बंद ठेवा, मूल कंटाळण्याआधी थांबवा. या गेमच्या भरवशावर औषधं किंवा थेरपी सोडू नका. बनवणाऱ्यांनी भोंगा काढून चढउताराचा आलेख दिला, तर चौथा तारा मी आनंदाने देईन.