मुलगी नववीत, बदली दारात: टेक्सास की कॅलिफोर्निया?

टेक्सासात डॅलसची नोकरी घ्यावी की कॅलिफोर्नियात बे एरियातली, हे ठरवताना पगार आणि घरभाडं सगळेच मांडतात. एच-४ वरच्या (आईवडिलांच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून मिळणारा व्हिसा) मुलीच्या कॉलेज-फीचा हिशोब मात्र बारावीपर्यंत कुणी काढत नाही.

ती एच-४ वर आहे तोवर दोन्हीकडे सारखंच. आईवडिलांचं बस्तान बसून वर्ष झालं की ती राज्याची रहिवासी ठरू शकते, फी तिथल्या मुलांइतकीच. गोची पुढे आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांचा नंबर लागेपर्यंत पोरं एकविशी गाठतात, एच-४ संपतो आणि कॉलेजच्या मध्यावर एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घ्यावा लागतो.

कॅलिफोर्नियाचा २००१ चा कायदा (एबी ५४०) सांगतो: इथल्या हायस्कुलात तीन वर्षं काढा, इथूनच पास व्हा, राज्यातल्या मुलांचीच फी भरा. कागदपत्रं नसलेल्या मुलांना त्याचा मोठा आधार. पण एफ-१ वाल्यांना त्यातून वगळलंय, आणि एफ-१ वर रहिवासीही होता येत नाही. शाळा तीच, घर तेच. व्हिसा बदलला की यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) परराज्याचा अधिभार. २०२५-२६ साली नव्याने दाखल होणाऱ्यांसाठी तो वर्षाला ३७,६०२ डॉलर होता, तोही मूळ फीच्या वर. नियम पाळून राहिल्याचा दंडच म्हणा ना!

टेक्सासनेही २००१ मध्येच, तेव्हाचे गव्हर्नर रिक पेरी यांच्या सहीने, असा कायदा केला. तिथली शाळा पास व्हायची आणि त्याआधी सलग ३६ महिने राज्यात राहिलेलं असायचं. ग्रीन कार्डासाठी पात्र होताच अर्ज करीन, असं प्रतिज्ञापत्र द्यायचं. एफ-१ आड येत नाही.

'पण तो कायदा रद्द झाला ना?' अर्धाच. ४ जून २०२५ ला केंद्राने दावा लावला, राज्याने त्याच दिवशी मान तुकवली आणि कोर्टाने तो कागदपत्रं नसलेल्यांपुरता मोडीत काढला. १९९६ चा केंद्रीय कायदा म्हणतो, बेकायदा राहणाऱ्यांना निव्वळ रहिवासाच्या जोरावर अशी सवलत देऊ नका. टेक्सासची अट रहिवासावर टेकलेली होती. कॅलिफोर्नियाची शाळेवर, म्हणून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती २०१० मध्ये उचलून धरली. त्या निकालापुरता कॅलिफोर्निया भक्कम, आपल्या पोरीच्या कामाचा मात्र टेक्सास.

आणखी एक. एच-४ वर मुलीला कॉलेजच्या लायब्ररीतही पगारी काम करता येत नाही. एफ-१ वर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास करता येतं. टेक्सासात लवकर एफ-१ घेणं परवडतं. कॅलिफोर्नियात एच-४ शेवटच्या दिवसापर्यंत धरून ठेवावा लागतो.

नुसत्या फीवर ठरवायचं तर मी डॅलस म्हणेन, तेही नववी संपण्याआधी, कारण बारावी पास होण्याच्या तारखेपासून ३६ महिने उलटे मोजायचे आहेत. एकविशीआधी ग्रीन कार्ड हाती पडणार असेल तर मात्र बे एरियाची धास्ती नको. नोकरीच्या कागदावर सही करण्याआधी कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसकडून (रहिवासी कोण, हे ठरवणारं कार्यालय) उत्तर ईमेलवर घ्या, फोनवर नको.