कायदा, गुन्हेगारीशास्त्र की मानवी भूगोल? दहावीनंतर कला शाखेत जाणाऱ्यांसाठी

कला शाखा नक्की आहे, पण वकिली, क्रिमिनॉलॉजी आणि भूगोल या तिन्हींची ओढ आहे, अशी मुलं सातारा-सांगलीकडे आता बरीच भेटतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते, तेव्हा माझा कल कुठे असणार ते उघड आहे. तरीही तिन्ही विषयांचे तास एका दिवशी ऐकले तर फरक लगेच कळतो. त्यासाठी तिन्हीकडे एकच प्रकरण नेऊ: माणगंगा नदीतला चोरटा वाळूउपसा.

कायद्याच्या तासाला पहिला प्रश्न येतो, की गुन्हा कोणता आणि तो सिद्ध कसा करायचा? परवान्याशिवाय उचललेली वाळू ही सरकारच्या मालाची चोरी, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३. खाण कायद्याखाली खटल्याला अधिकृत अधिकाऱ्याची तक्रार लागते. पण चोरीचा गुन्हा त्याहून वेगळा, तो पोलीस नोंदवू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं. मग सुरू होतं खरं काम. पंचनाम्यात वाळू किती ब्रास (वाळू मोजायचं माप) लिहिली? मोजली कोणी? पंच कोण? जप्तीचं चित्रण केलं का? ट्रॅक्टर डोळ्यांसमोर पकडलेला असतो, पण कागद ढिला असेल तर आरोपी सुटतो. ज्याला या बारकाव्यात रस वाटतो त्याने खुशाल वकील व्हावं. एक लक्षात ठेवा, १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी ही न्याय संहिता आलीय. खुनाचं कलम ३०२ आता १०३ झालं, त्यामुळे ताईदादांच्या जुन्या नोट्सवर विसंबू नका.

गुन्हेगारीशास्त्र पंचनाम्यापाशी थांबत नाही. हीच पोरं यात का येतात, रात्रीच का, ठरावीक घाटावरच का, हे ते विचारतं. करायला तयार असलेला माणूस, हाताशी आलेला माल आणि राखणदार नसणं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की गुन्हा घडतो, अशी मांडणी कोहेन आणि फेल्सन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७९ मध्ये केली. नदीपात्राला ती चपखल लागते. पण या विषयाचा मला वाटणारा मोठा धडा वेगळाच आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पारधी वस्तीवरचा संशय काही गेलेला नाही. गुन्हेगार कोण हे ठरवतं कोण, असा प्रश्न ज्याला पडतो त्याचा हा विषय.

मानवी भूगोल वाळूच्या मागे चालत जातो. ती निघते कुठून, जाते कुठे, आणि मागणी आली कशी? खानापूर-आटपाडीची माणसं सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायात, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात, देशभर पांगली आहेत. दुष्काळाने बाहेर काढलं, धंद्याने पैसा दिला, तो पैसा गावी परतला आणि माळावर बंगले उठले. बंगल्याला वाळू लागणारच. इकडे पात्रातली वाळू गेली की पाणी मुरायचं कमी होतं आणि काठच्या विहिरी लवकर तळ गाठतात. म्हणजे पुन्हा स्थलांतर. बारावीच्या पुस्तकात लोकसंख्या, मानवी वस्ती, भूमी उपयोजन, आर्थिक क्रिया हेच धडे आहेत, आणि त्यांची उदाहरणं एसटीच्या खिडकीतून दिसतात.

आता व्यवहाराचं बोलू. राज्य मंडळाच्या अकरावी कला शाखेला भूगोल बहुतेक ठिकाणी मिळतो. कायदा असा वेगळा विषय आपल्याकडे नसतो, सीबीएसईला मात्र विधी अध्ययन आहे. पाच वर्षांच्या विधी पदवीचं दार बारावीनंतर सीईटी या प्रवेश परीक्षेने उघडतं आणि खुल्या गटाला बारावीत किमान ४५ टक्के लागतात. साताऱ्यात इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे, सांगलीतही विधी महाविद्यालयं आहेत. शिवाय ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं खंडपीठ) कोल्हापुरात बसतं, त्यामुळे इथल्या नव्या वकिलाला मुंबईच्या खेपा घालायची गरज कमी झाली.

गुन्हेगारीशास्त्राचं सर्वांत अवघड. शाळेत हा विषयच नाही, बहुतेक ठिकाणी पदवीनंतरच गाठायचा. तोवर समाजशास्त्र आणि मानसशास्त्र घ्या. आणि मालिका बघून रक्ताचे नमुने, बोटांचे ठसे मनात भरले असतील तर ते न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक सायन्स) झालं. त्याला अकरावीत विज्ञान शाखा लागते. ही गल्लत आत्ताच निस्तरा, नंतर दोन वर्षं हातची जातात.

माझं मत विचाराल तर अकरावीला भूगोल, समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र घ्या, जमलं तर मानसशास्त्रही. यात तिन्ही वाटा खुल्या राहतात. वकिलीची ओढ खरी आहे का हे बघायचं असेल तर प्रवेश अर्ज भरण्याआधी एक सकाळ जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर बसा. सर्वसाधारण खटल्यांचं कामकाज खुलं असतं, कोणीही ऐकू शकतं. तारखांवर तारखा पडताना बघूनही दुसऱ्या दिवशी परत जावंसं वाटलं, तर सीईटीची तयारी अकरावीपासूनच सुरू करा.