‘ताई, तुमची फाईल मंजूर झाली’

मुलाच्या उपचारासाठी व्हॉट्सॲपवर मदतीचं आवाहन टाकणार असाल, तर आधी हे वाचा. आम्हाला ज्याने लुबाडलं त्याला आमच्या मुलाचा केस नंबर, डॉक्टरांचं नाव, पुढची केमो कोणत्या वारी आहे, सगळं तोंडपाठ होतं.

मुलगा सात वर्षांचा. ताप हटेना, पायांवर निळे डाग उठले. परभणीत रक्त तपासलं आणि तिथून थेट परळला, टाटाला. बोन मॅरोचा रिपोर्ट आला : एएलएल, म्हणजे रक्ताचा कर्करोग. लहान मुलांच्या कर्करोगात हाच सगळ्यात जास्त आढळतो. डॉक्टर म्हणाले, बरा होईल अशी चांगली आशा आहे, पण दोन-अडीच वर्षं चिकाटी धरावी लागेल. पहिल्या महिन्यात स्टेरॉइडने पोरगा फुगला, रात्री दोनला उठून वरणभात मागायचा. पाठीच्या मणक्यातल्या इंजेक्शनच्या दिवशी मात्र तोंडातून शब्द नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. तिथल्या बायकांनी मला खूप शिकवलं. तोंड आलं की काय भरवायचं, प्लेटलेटसाठी माणसं कशी जमवायची, केस गळायच्या आधीच डोकं करून टाकायचं, म्हणजे उशीवरचे झुबके बघून पोर घाबरत नाही.

महात्मा फुले योजनेतून बराच खर्च भागला. पण मुंबईतलं राहणं, योजनेबाहेरची औषधं, त्यात सोयाबीनचा हंगाम हातचा गेलेला. म्हणून दिरांनी आवाहन तयार केलं : मुलाचा फोटो, केस पेपर, माझा मोबाईल नंबर, क्यूआर कोड. गावाने सढळ हाताने दिलं.

मग फोन आला. “ताई, ट्रस्टमधून बोलतोय. बाळाची केमो मंगळवारी ना? तुमची चार लाखांची फाईल मंजूर झाली.” मी फोन दिरांकडे दिला. आधी फाईल चार्ज, मग स्टॅम्प ड्युटी, मग कसलासा टॅक्स. सगळं म्हणे मंजूर रकमेसोबत परत मिळणार. गोल शिक्का मारलेलं पत्रही आलं. सेहेचाळीस हजार गेले. दिरांना नावं ठेवणाऱ्यांना एवढंच विचारते, मंगळवार त्याला कुठून कळला? आमच्याच आवाहनात लिहिलं होतं, ‘मंगळवारच्या केमोआधी मदत करा’.

हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातल्या ताईंनी ते पत्र पाहिलं आणि कपाळाला हात लावला. खरी संस्था मंजुरीसाठी पेशंटकडून पैसे मागत नाही. ती हॉस्पिटलने दिलेलं खर्चाचं अंदाजपत्रक बघते आणि रक्कम सहसा हॉस्पिटलच्याच नावे देते. मुख्यमंत्री सहायता निधीचंही तसंच, आणि त्याच्या अर्जाला फी नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. व्यवहाराचा नंबर विचारतात, तो हाताशी ठेवा आणि पैसे गेल्या गेल्या फोन लावा. आम्ही उशिरा लावला, थोडीच रक्कम बँकेत गोठली.

दीर जेवेनात. सासूबाईंनी गावाकडून फोनवर झापलं : “उद्या रक्त द्यायला जायचंय ना? उपाशीपोटी गेलास तर परत पाठवतील. पोराला काय सांगायचं मग?” तेव्हा कुठे ताट ओढलं.

एवढ्यावर थांबलं नाही. नात्यातल्या एकाने टोमणा मारला, “अजून किती गोळा करणार?” त्याच्याकडे आलेला मेसेज आमचाच, फोटो आमचा, क्यूआर भलताच. तो स्कॅन केल्यावर कुणा अनोळखी माणसाचं नाव येत होतं. पैसे पाठवण्याआधी ते नाव वाचत जा. आवाहन करणाऱ्यांनी केस नंबर आणि तारखा झाकाव्यात, पैशाचे फोन घरातल्या एकाच माणसाने घ्यावेत.

मुलगा आता मेंटेनन्सवर, म्हणजे उपचाराच्या शेवटच्या टप्प्यात आहे, घरी राहून गोळ्या घेतो. आम्ही मदत मागणं केव्हाच थांबवलंय. पिवळ्या टोपीतल्या मुलाचा फोटो आणि ‘मंगळवारची केमो’ असा मेसेज अजून फिरतोय. तुमच्याकडे आला तर एक रुपयाही पाठवू नका, पुढेही ढकलू नका.