सुट्टी संपली तरी भाची घरीच: 'समर 1993'

आजोळी मूल सुट्टीपुरतं येतं. मामा लाड करतो, मामी फणस फोडून देते आणि जूनमध्ये मूल आपल्या घरी जातं. माझी भाची चार वर्षांपूर्वी ऐन पावसात मडगावहून आमच्याकडे सावई-वेऱ्याला आली, ती राहिलीच. माझी नणंद, तिची आई, गेली होती. वडील आधीच नव्हते. पोर सात वर्षांची. त्यामुळे 'समर 1993' मी मामीच्याच नजरेनं पाहिला. (पुढे शेवटही सांगितला आहे.)

दिग्दर्शिका कार्ला सिमोन हिनं स्वतःच्या बालपणावरून केलेला हा 2017 चा, स्पेनमधल्या कॅटलान भाषेतला चित्रपट. बर्लिन महोत्सवात त्याला पदार्पणातल्या सर्वोत्तम चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. आई वारल्यावर सहा वर्षांची फ्रिडा बार्सिलोनाहून खेड्यात येते, मामा एस्तेवे, मामी मार्गा आणि चिमुरडी मामेबहीण आना यांच्याकडे. आईच्या आजाराचं नाव कुणी घेत नाही. फ्रिडाचा गुडघा फुटतो, रक्त येतं आणि दुसरी एक बाई घाबरून आपल्या मुलीला बाजूला ओढते. तेवढ्यावरून आपण समजतो, एड्स.

फ्रिडा रडत नाही. "शहाणी आहे, लगेच रुळली," असं आमच्या भाचीबद्दलही शेजारणी म्हणायच्या. पण ओठ रंगवून आरामखुर्चीत पडलेली फ्रिडा आनाबरोबर आई-आई खेळते आणि 'दमलेय, आता नाही खेळायचं' असं आईच्या सुरात सांगते, तिथे मी चित्रपट थांबवला. रानातल्या मारियेच्या मूर्तीपाशी ती आईसाठी सिगारेट ठेवते. आमची रोज तिन्हीसांजेला तुळशीपाशी अबोलीची फाती ठेवायची. माझी नणंद अबोली माळायची. हे माझ्या ध्यानात यायला महिना गेला.

फ्रिडा आनाला रानात एकटीला सोडून येते, आनाचा हात मोडतो. मार्गा संतापते. स्वतःचं लेकरू दुखावलं की परक्या लेकराबद्दल मनात काय येतं, ते मार्गा झालेल्या ब्रूना कुसीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. तिला दुष्ट मामी केलेली नाही, देवीही नाही. ती फ्रिडाला धाक लावते, कारण ही आता पाहुणी नाही, घरची आहे. आजी-आजोबा मात्र येऊन नुसते लाड करून जातात. मामाचं पात्र मला तोकडं वाटलं, मधला भागही जरा रेंगाळतो.

एका रात्री फ्रिडा पिशवी घेऊन घर सोडते आणि परत येऊन म्हणते, फार काळोख आहे, उद्या जाईन. आणि शेवटी, सगळं ठीक चाललेलं असताना, पलंगावर हसत-उड्या मारत असताना तिला अचानक रडू फुटतं.

आमची आठ महिन्यांनी रडली. शाळेची नवी वही मी खाकी कागदात घालत होते. नाव लिहायला घेतलं आणि ती हुंदके देऊ लागली. मी कात्री खाली ठेवली, जवळ घेतलं. दुपार तशीच गेली.

केंद्र सरकारच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आपल्याकडे एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होता येतं, म्हणजे दत्तक न घेता मूल घरी सांभाळता येतं. कुणी तसा विचार करत असेल तर अर्ज भरण्याआधी हा चित्रपट जरूर पाहावा. भाची आता अकरा वर्षांची आहे. लॅपटॉपवर मी काय बघत होते, असं तिनं विचारलं. येत्या रविवारी आम्ही दोघी बघणार आहोत. पडद्याखालच्या इंग्रजी ओळी मी वाचून दाखवीन.